तीन तोळ्यांचं पुष्पक

सोनारानं पुडी सोडली, आतल्या बावीस लाकडी चकत्या काट्याच्या ताटलीत ओतल्या, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि विचारलं, "हे काय आहे?"

"फासळ्या," मी म्हटलं.

शेजारी एक नवरी मुलगी, तिची आई आणि मावशी पाटल्या बघत होत्या. तिघींच्या हातातल्या पाटल्या एकदम खाली ठेवल्या गेल्या.

"विमानाच्या," मी घाईघाईनं म्हणालो. "म्हणजे पंखाच्या."

यानं त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. सोनार मात्र धंद्याला मुरलेला माणूस. काट्यावर काय ठेवलंय याच्याशी त्याला कर्तव्य नाही, किती ठेवलंय याच्याशी आहे. "दोन ग्रॅम सातशे तीस मिली," त्यानं वाचलं. मग डोळे मिटून पुटपुटला, "साडेबावीस गुंजा. म्हणजे फासळीला एक गुंज आणि वर अर्धी."

"ती अर्धी घासून काढतो," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे प्रथमच आदरानं पाहिलं. "घडणावळ किती पडते हो याला?"

घडणावळ मी काढलेली नव्हती. बावीस फासळ्यांना दोन आठवडे, तीन दाढीची पाती आणि डाव्या अंगठ्याचं टोक एवढं लागलं होतं. निवृत्त होईपर्यंत चौतीस वर्षं मी सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण केलं आहे. लोकांच्या हिशेबात साडेतीन रुपयांचा फरक निघाला की रात्री झोप न येणारा मी माणूस. पण या छंदात खर्चाची वही घालायची नाही हे पहिल्याच दिवशी ठरवलं. वही फक्त वजनाची. घरचा स्वयंपाकाचा काटा एका ग्रॅमच्या खालचं काही मानतच नाही. चार फासळ्या ठेवल्या तरी तो शून्यच दाखवतो. म्हणून सोनाराकडे जावं लागलं.

हे खूळ जुनं आहे. कॉलेजात एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये होतो, तेव्हा आम्हा चौघांत मिळून बाल्साची एक पट्टी मिळायची. त्या पट्टीचं ग्लायडर करायचं असे. आमच्या पट्टीचं झालं नाही, कारण चौघांनीही ती एकाच वेळी कापली. ती सल चाळीस वर्षं राहिली.

आता बाजारात तयार विमानं मिळतात. फोमची, रिमोटवाली. डबा उघडायचा, बॅटरी चार्ज करायची आणि उडवायचं. माझ्या भाच्यानं तसलं एक आणून दाखवलं. ते उडतंसुद्धा. माझा त्याच्यावरचा मुख्य आक्षेप हाच आहे. ज्यानं तुमचे तीन महिने घेतले नाहीत, जेवणाचं टेबल अडवलं नाही, घरात तीनदा भांडण लावलं नाही, त्यानं असं पहिल्याच दिवशी सरळ उडावं, हे नैतिकदृष्ट्या मला पटत नाही.

तेव्हा ठरलं की सगळं मुळापासून करायचं. तयार संच आणायचा नाही. नकाशाही आपणच काढायचा. विमान निवडलं ते पुष्पक. पुराणातलं नव्हे, बंगळुरातलं. हिंदुस्थान एअरक्राफ्टनं बांधलेलं हे दोन आसनांचं छोटं विमान 1958 मध्ये पहिल्यांदा उडालं आणि पुढे कितीतरी वर्षं देशभरच्या फ्लाइंग क्लबांत शिकाऊ वैमानिकांचे धक्के खात राहिलं. अमेरिकेच्या एरोंका चीफ या विमानावर ते बेतलेलं आहे. घराण्याचा चेहरा लपत नाही. पुराणातल्या पुष्पकात कितीही माणसं बसली तरी एक जागा रिकामीच राहते असं आजी सांगायची. बंगळुरी पुष्पकात दोन माणसं बसली की संपलं.

शिवाय अभिमानाची एक बाब होती. 1951 मध्ये उडालेलं एच.टी.-2 हे भारतीय बनावटीचं प्रशिक्षण विमान ज्यांनी आखलं ते डॉ. विष्णू माधव घाटगे, आणि पुष्पकही त्याच कारखान्यातलं, त्यांच्याच काळातलं. घाटगे जर्मनीत ग्योटिंगेनला खुद्द लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टर झालेले. पंखावरून हवा कशी वाहते याचं आजचं शास्त्र ज्या माणसाच्या खांद्यावर उभं आहे, तो हा प्रांटल. म्हणजे ग्योटिंगेनचं ज्ञान बंगळुरात आणि तिथून सदाशिव पेठेत, असा प्रवास आखला होता. शेवटच्या टप्प्यात त्यात काही गळती झाली असेल, तर ती माझी.

पुष्पकाच्या पंखांचा पसारा 36 फूट. अठरापट लहान केलं की 24 इंच होतात. आकडे असे बिनबाकीचे सुटले की लेखापरीक्षकाला शुभशकुन वाटतो. मोठा कागद घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदारानं नकाशा उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "किती मजली आहे?"

मग लाकूड. बाल्साबद्दल मी घरात इतकं बोललो आहे, की आमच्याकडच्या कामवाल्या मावशीसुद्धा पाहुण्यांना त्याची माहिती सांगू शकतील. झाड दक्षिण अमेरिकेतलं. जगातला बहुतेक बाल्सा इक्वेडोरमधून येतो. सहासात वर्षांत तोडणीला येतो, म्हणजे आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासापेक्षा पुष्कळच लवकर. स्पॅनिशमध्ये 'बाल्सा' म्हणजे तराफा. थॉर हायरडाल 1947 मध्ये ज्या कॉन-टिकीवरून पॅसिफिक समुद्रात निघाला, ती याच लाकडाच्या ओंडक्यांची. दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो या लढाऊ विमानाच्या अंगातही प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्साच होता. आणि गंमत अशी, की नखानं खरवडलं जाणारं हे लाकूड वनस्पतिशास्त्राच्या वर्गवारीत 'कठीण लाकूड' म्हणून नोंदलेलं आहे. पान रुंद की सुईसारखं, एवढ्यावरून त्यांनी ते ठरवलं. हिशेबाच्या कीर्दीत असली नोंद मला सापडली असती तर मी शेरा मारला असता.

बाल्सा जास्वंद, कापूस, काटेसावर आणि भेंडी यांच्या कुळातला, हे सांगितलं तेव्हा बायको भेंडीच चिरत होती. हिनं सुरी थांबवली. "मग हीच घ्या ना," म्हणाली. "एवढे पैसे घालून परदेशातून कशाला मागवायची?"

पैशांबद्दल तिचं चूक नव्हतं. 2020 च्या सुमाराला पवनचक्क्यांच्या प्रचंड पात्यांत घालायला बाल्साची अशी काही मागणी निघाली, की जगभर त्याचा तुटवडा झाला. जगाला स्वच्छ वीज मिळावी हे मला मान्यच आहे. पण साताऱ्याकडच्या पठारांवरून जाताना ती पाती फिरताना दिसली, की माझी किती विमानं त्या एकेका पात्यात गेली असतील, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

बाल्साची एक ठरावीक पट्टी असते: तीन फूट लांब, तीन इंच रुंद, एक षोडशांश इंच जाड. दोन पट्ट्या शेजारी ठेवा, जुळ्या बहिणी दिसतील. एक भरेल एक तोळा, दुसरी दोन तोळे. झाड कसं वाढलं, पाणी किती प्यायलं, यावर ते असतं. म्हणून या छंदातली मुरलेली माणसं दुकानात काटा घेऊन जातात आणि दुकानदाराला सगळा गठ्ठा खाली उतरवायला लावतात. मीही गेलो. काटा काढला. दुकानदार म्हणाला, "काका, लाकूड किलोवर नाही देत आम्ही."

नकाशा सॉफ्टबोर्डवर ताणायचा, वर स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म पसरायची, म्हणजे गोंद नकाशाला चिकटत नाही, आणि त्यावर काड्या टाचण्यांनी धरून सांगाडा जोडत जायचा. सॉफ्टबोर्ड जेवणाच्या टेबलावर. तीन महिने आम्ही पाटावर बसून जेवलो. आल्यागेल्याला हिनं सांगितलं की डॉक्टरांनी सांगितलंय, मांडी घालून बसावं. पाहुण्यांनाही ते पटायचं, टाचणी टोचेपर्यंत.

धडाच्या दोन बाजू एकावर एक ठेवून करायच्या असतात, म्हणजे तंतोतंत सारख्या होतात. मी हे वाचलं होतं. तरी दुसरी बाजू पहिलीवर न रचता शेजारी काढली, कारण जागा होती. एक बाजू अर्धा सूत जास्त फुगली. पुढून शेपटीकडे पाहिलं तर पुष्पक गल्लीच्या कोपऱ्यावर वळत असल्यासारखं दिसायचं. "राहू दे," ही म्हणाली, "पेठेत तसंच लागतं." मी रात्री दोनपर्यंत जागून ब्लेडनं सांधे सोडवले. फेविकॉलचा सांधा सोडवणं म्हणजे लग्न जमवून झाल्यावर पत्रिका जुळत नाही म्हणण्यासारखं आहे. निघतं, पण लाकूड घेऊन निघतं.

सांगाडा पुरा झाला तो दिवस मात्र खरा. चोवीस इंची पंख, आत गुंजेएवढ्या फासळ्या ओळीनं उभ्या, आणि पलीकडचा दिवा आरपार दिसतोय. या अवस्थेत ते कपाटावर ठेवून द्यावं असं प्रत्येकालाच वाटतं. कागद लावला की सगळ्या चुका झाकल्या जातात, पण चांगलं कामही झाकलं जातं. खऱ्या पुष्पकालाही वरून कापडच होतं. माझ्यासाठी कागद. यासाठी जपानी टिश्यू नावाजलेला. त्याची किंमत पाहून मी जानेवारीत पतंगाच्या दुकानात गेलो. "सगळ्यात पातळ द्या," म्हटलं. तिथला मुलगा मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, "मांजा पण दाखवू का आजोबा?" माझ्या वयाच्या माणसाला संक्रांतीचा उत्साह आहे, याचंच त्याला कौतुक.

कागद खळीनं डकवला, इस्त्रीच्या बाटलीनं पाण्याचा फवारा मारला. पाणी सुकताना कागद आखडतो, सुरकुत्या जातात, टिचकी मारली की डफासारखा वाजतो. वाळेपर्यंत पंख फळीला टाचून ठेवायचा असतो, एवढंच. मी टाचला, पण एकच बाजू. दुसऱ्या बाजूच्या टाचण्या हिनं साडीच्या निऱ्यांसाठी नेल्या होत्या. सकाळी उजवा पंख उन्हातल्या पापडासारखा वळलेला. यावर उपाय वाफेचा. वाफेवर धरून हळूच उलटा पीळ द्यायचा आणि थंड होऊ द्यायचं. घरात वाफ इडलीच्या भांड्याचीच. रविवारची सकाळ, मी पंख धरून उभा, मागे आई, ही आणि दोन पाहुणे इडल्यांसाठी थांबलेले. एक पाहुणा अदबीनं म्हणाला, "चालू द्या तुमचं. आम्हाला गाडी बारालाच आहे."

कागदावर डोप चढवतात. हा सेल्युलोजचा एक प्रकारचा पातळ रोगण. खऱ्या विमानांच्या कापडालाही हाच लागे. तो मिळेना. मग कुणी तरी सांगितलं की बिनरंगी नेलपॉलिश म्हणजे त्याचंच सख्खं भावंड, पातळ करून लाव. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "सहा बाटल्या द्या." तिनं विचारलं, "कुणासाठी?" मी खरं सांगितलं, "पुष्पकसाठी." तिनं अतिशय समजूतदारपणे मान हलवली आणि बाटल्या काळ्या पिशवीत घालून दिल्या.

त्यात दोनचार थेंब एरंडेल घालावं लागतं, नाही तर कागद इतका आवळतो की काड्या वाकतात. रबराच्या पट्टीलाही एरंडेल चोळायचं, म्हणजे पीळ देताना ती एकमेकीवर घासून तुटत नाही. विमानविद्येशी एरंडेलाचं नातं जुनं आहे. पहिल्या महायुद्धातल्या फिरत्या इंजिनांत वंगण म्हणून तेच असे आणि उडताना त्याचे फवारे वैमानिकाच्या तोंडावर येत. त्यांच्या पोटाचं काय होत असेल ते आमच्या पिढीला सांगायला नको. आम्ही जमिनीवरच अनुभवलंय. मी बाटली मागितली तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांच्या आईचे डोळे भरून आले. "शेवटी स्वतःहून मागितलंस," ती म्हणाली. आणि ही आतून म्हणाली, "इतके दिवस नुसतं एरंडाचं गुऱ्हाळ होतं, आता तेलसुद्धा आलं."

रबराच्या पिळावर विमान उडवण्याची युक्ती आल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणाची. 1871 च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या ट्युइलरी बागेत त्याचं छोटं मॉडेल चाळीस मीटर गेलं, अकरा सेकंद हवेत राहिलं. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्याच्याच धर्तीचं रबरावर उडणारं एक खेळणं काही वर्षांनी अमेरिकेत एका पाद्र्यानं आपल्या दोन मुलांना आणून दिलं. मुलांची नावं विल्बर आणि ऑर्व्हिल. एकसष्टाव्या वर्षी माझं उद्दिष्ट साधं होतं: बारा सेकंद.

उडवण्याआधी तोल. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांशावर दोन बोटांनी उचललं की विमान सपाट राहायला हवं. माझं शेपटीवर बसलं, जेवण झाल्यावर माणूस बसतो तसं. नाकात वजन हवं. पुष्पकाचं नाक आखूड आणि शेपूट लांब. तरफेच्या हिशेबानं शेपटीतल्या एका गुंजेला नाकात तीन गुंजा द्याव्या लागतात. मुलांची खेळायची माती मी नाकात भरत गेलो. चिमूट, मग आणखी चिमूट. शेवटी उरलेली माती मोजली आणि वहीत वजा मांडली: एकेचाळीस गुंजा. ज्या माणसानं फासळ्यांवरची अर्धी गुंज पॉलिश पेपरनं घासून काढली होती, त्याच माणसानं पाच ग्रॅम माती घातली. चौतीस वर्षांत मी किती तरी संस्थांवर असे शेरे लिहिले असतील, की किरकोळ खर्चात काटकसर आढळते, मात्र मुख्य खर्चावर नियंत्रण नाही. त्या सगळ्या चेअरमनांची त्या रात्री मनोमन माफी मागितली.

सोनाराचा अंतिम आकडा: मातीसकट तीन तोळे दोन मासे. रबर वेगळं.

तळजाईच्या पठारावर सकाळी साडेसहाला वारा नसतो. माणसं मात्र असतात. पुण्यात एकट्यानं काही करून बघायचं असेल तर ते घरात करावं. टेकडीवर तुम्ही एक समिती असता. मदतीला खालच्या मजल्यावरचा दहा वर्षांचा मुलगा होता. तो विमान घट्ट धरून उभा राहणार. मी रबराचं टोक हातड्रिलला अडकवून चौपट लांब ताणणार आणि पीळ देत देत पुढे येणार. पण त्याआधी पीळ न देता, गवतावर, नुसतं हातातून सोडून बघायचं असतं. सोडलं. पुष्पकानं नाक वर केलं, क्षणभर विचार केला आणि मान टाकली.

"नाकात वजन घाला," पांढऱ्या बुटांतले एक गृहस्थ म्हणाले.

घातलंय म्हटलं, तर म्हणाले, "मग काढा."

दोन्ही सल्ले अर्धे बरोबर होते. शेपटीखाली कागदाची एक घडी सारली आणि पुष्पक वीस पावलं सरळ तरंगत जाऊन गवतात बसलं. ते इतकं शांतपणे बसलं, की पोरगा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. टाळी वाजवली ती कानटोपी घातलेल्या एका आजोबांनी, आणि टाळी थांबायच्या आत ते म्हणाले, "आपल्या तळपद्यांनी 1895 सालीच मुंबईच्या चौपाटीवर उडवलंय, हे माहीत आहे ना?" माहीत होतं. ऐकायला मला ते आवडतंही. पण व्हाउचर नसलेली नोंद मी मंजूर करत नाही, एवढंच बोललो. यावर कानटोपी आणि पांढरे बूट यांच्यात 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथावरून जुंपली. 1974 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी त्यातल्या विमानांची तपासणी करून ती उडण्याजोगी नाहीत असा निष्कर्ष काढला होता, हे पांढऱ्या बुटांना पाठ होतं. ते दोघं गुंतले आणि आम्हाला धावपट्टी मोकळी मिळाली.

दीडशे आटे दिले. डावीकडे गिरकी घेऊन उतरलं. पंखा फिरतो त्याच्या उलट धड वळू बघतं, तेव्हा पंख्याचा दांडा केसभर उजवीकडे वळवायचा. काडेपेटीतली काडी तासून त्याची पाचर घातली. तीनशे. बरं गेलं. मग पोराला म्हटलं, आता पुरं देऊ. ड्रिलच्या हँडलचा एक फेरा म्हणजे चार आटे; एकशे पंचाहत्तर फेरे, सातशे आटे. पिळावर गाठी, गाठींवर गाठी. तो पोरगा श्वास रोखून उभा. ताणलेलं रबर आतच तुटलं तर धडाचा मागचा अर्धा भाग भुसा होतो, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असावं.

सोडलं.

पंखा फर्रकन फिरला आणि पुष्पक चढलं. मी केलेलं नव्हतंच जणू ते, असं चढलं. उन्हाची तिरीप कागदातून आली आणि आतल्या बावीस फासळ्या एकदम दिसल्या. भांडण थांबलं. मोठ्या संथ उजव्या वळणात ते आमच्या डोक्यांच्या दुप्पट-तिप्पट उंचीवर गेलं, पीळ सरला, पंखा मंदावला, थांबला, आणि तसंच उतरत उतरत ते पठाराच्या कडेच्या गिरिपुष्पाच्या झाडात शिरलं.

"एकोणीस!" पोरगा ओरडला. घड्याळ त्याच्याकडे होतं.

पेनोपेक्षा आठ जास्त, मी मोठ्यांदा म्हणालो. पेनो कोण ते कुणी विचारलं नाही. समिती झाडाखाली जमली होती. एक मत काठीचं, एक दगडाचं, एक अग्निशमन दलाचं. एका बाईंनी ओढणीचं टोक फांदीवर टाकून ओढावं असं सुचवलं; ते सगळ्यांत शहाणपणाचं होतं, म्हणून कुणी ऐकलं नाही. शेवटी पोरगा वर चढला आणि त्यानं फांदी हलवली. पुष्पक तीन हप्त्यांत खाली आलं.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन सोनाराकडे गेलो. फुटलेल्या पंखातल्या कोणत्या फासळ्या शाबूत आहेत आणि नव्यांचं वजन त्यांच्याशी जुळेल का, एवढंच बघायचं होतं. त्यानं पिशवीत डोकावून पाहिलं. फाटका कागद, काड्या, त्यांत लटकलेलं शेपूट आणि जशीच्या तशी राहिलेली मातीची गोळी.

"अच्छा," तो म्हणाला आणि काटा पुढे ओढला. "मोड आणलीत."